पिंपाला बूट आणि मी अनवाणी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. हसू नका. माझ्यावर उभे असताना आजवर मला कोणी हसलेले नाही. खाली उतरल्यावर मात्र सगळ्यांना माझा विसर पडतो.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. ॲल्युमिनियमच्या दोन लांब दांड्या, मध्ये अकरा पायऱ्या आणि पायांत दोन काळे रबरी बूट. मला विकताना कारखानदार म्हणाला होता, "शिडीचा जीव तिच्या पायात असतो. बूट झिजले की बदला." घेणाऱ्याने मान डोलावली. मान डोलवायला माणसांना काही कष्ट पडत नाहीत.

मी ज्या आवारात आले तिथे ट्रक आणि दुधाचे टँकर बाहेरून धुतले जातात. रोज तीसेक गाड्या चिखलाने माखून येतात आणि चकचकीत होऊन जातात. साबण खालून वर लावायचा आणि पाणी वरून खाली सोडायचे. उलटे केले की साबणाचे ओघळ वाळतात आणि धुतलेली गाडी रडून आल्यासारखी दिसते. हे इथे प्रत्येकाला मावशीने शिकवले. मावशी म्हणजे आमच्याकडची सर्वांत जुनी धुणारी. टँकरच्या माथ्याजवळची धूळ तीच काढते, कारण बाकीचे म्हणतात, "वर कोण बघायला येतंय?"

"पाखरं बघतात," मावशी म्हणते. "त्यांच्यापुढे तरी लाज राखा."

पूर्वीच्या मुकादमाने मला मान दिला. संध्याकाळी तो मला कोरड्या फडक्याने पुसायचा आणि सावलीत दोन खुंट्यांवर आडवी ठेवायचा. तो गेला आणि नवा आला. आता माझ्या सहाव्या पायरीवर त्याचा टॉवेल वाळतो आणि आठवीवर मोजे. मी शिडी आहे की दोरी, हे एकदा त्याने मला सांगावे.

पण टॉवेलाचे दुःख मी गिळले असते. खरा घाव पुढेच आहे. साबणाच्या पाण्याच्या निळ्या पिंपाला तळाशी एक भोक आहे. त्याचे बूच कोणीतरी हरवले. मुकादमाने इकडे तिकडे पाहिले आणि त्याची नजर माझ्या पायांवर पडली. त्याने माझा डावा बूट उपटला आणि पिंपाला ठोकून बसवला.

"बघा, मापाचा निघाला! शिडीला दोन आहेत, एक गेला तर काय बिघडतं?"

मित्रांनो, पाय त्यालाही दोनच आहेत. त्याचा एक बूट कोणी नेला असता तर त्याने आवार डोक्यावर घेतले असते. माझ्या उघड्या पायाखाली मात्र त्याने पोत्याची घडी सरकवली आणि हात झटकले.

मावशीची सून चार महिन्यांपूर्वी कामाला लागली. मला खालून धरणे हे तिचे काम. तिच्या हातांना माझा थरथराट कळायचा.

"काका, ही घसरते. बूट परत लावा," ती मुकादमाला म्हणाली.

"मग तू कशाला आहेस? नीट धर."

"आई, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"तू गप गं," मावशी वरून म्हणाली. "तुझं लग्न ठरायच्या आधीपासून चढतेय मी."

तिच्यापुढे मी काय बोलणार? तीही हट्टी आणि मीही. पण तिचे हाड मोडले तर मला वेल्डिंग करून जोडतात तसे तिला कोणी जोडणार नाही, ही काळजी मला रोज खायची.

एका सकाळी फाटकापाशी तीन टँकर उभे होते आणि चालक हॉर्न वाजवून डोके उठवत होते. मावशी दहाव्या पायरीवर होती. पाण्याचा पाइप एका चाकाखाली अडकला.

"जा, सोडव तो," मावशी सुनेला म्हणाली. "मी काही उडून जात नाही."

सुनेने हात सोडला. पोते साबणाने भिजलेले होते. माझा अनवाणी पाय सरकला. मी जिवाच्या आकांताने उजवा पाय रोवला, पण एकट्या पायाने किती रोवणार? मी फरशीवर आदळले. मावशी टँकरच्या माथ्यावरच्या कठड्याला दोन्ही हातांनी लोंबकळत राहिली. तिची एक चप्पल बादलीत पडली.

टँकरचा चालक मागच्या लोखंडी शिडीने धावत वर गेला आणि त्याने तिला ओढून घेतले. ती खाली आली तेव्हा कोपर सोलले होते.

"झाकणापाशी अजून राहिलंय," ती म्हणाली.

मुकादम म्हणाला, "लागलं नाही ना फार? चला मग, शिडी लावा. गाड्या खोळंबल्यात."

सुनेने हातातला पाइप टाकला. ती सरळ निळ्या पिंपाकडे गेली आणि तिने माझा बूट उपटून काढला. साबणाच्या पाण्याचा लोंढा मुकादमाच्या पायांवरून गटाराकडे निघाला.

"अगं, वेड लागलं का तुला? अख्खं पिंप गेलं! आता गाड्या कशाने धुणार?"

"तुम्ही बूच आणा, मग धुऊ," ती म्हणाली. "बूच दुकानात मिळतं. माझी सासू नाही मिळत."

मागचे हॉर्न थांबले. मुकादम ओल्या बुटांनी पचपच करत बूच आणायला गेला. सून माझ्यापाशी बसली आणि बूट चढवू लागली. मावशी उपड्या बादलीवर बसून बघत होती. कौतुक करणे तिच्या जिभेला जमत नाही.

"डावीकडे फिरव जरा," ती म्हणाली. "हं. आता बसला. कसब आहे हो तुझ्या हातात."

आता चढण्याआधी मावशी माझ्या दोन्ही बुटांना पायाने ठोकून बघते आणि विचारते, "बसलेत का गं?" सून "हो" म्हणेपर्यंत ती पहिल्या पायरीवर पाय ठेवत नाही.

तर मित्रांनो, वर चढताना सगळे वर बघतात. तुम्ही आधी खाली बघा. मी बोलत नसले तरी मला पाय आहेत. आणि सहाव्या पायरीवरचा तो टॉवेल अजून तिथेच आहे. तो मात्र कोणीतरी काढा.