मावशीने पारखून दिलेली पक्कड

मी एक जुनी पक्कड आहे आणि मित्रांनो, आधीच सांगते, माझ्या तोंडाला वास येतो. जवळ बसणार असाल तर नाकाला रुमाल लावा. हा वास माझा नाही. तो मला लागला कसा, तेच आज सांगायचं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापवून लाल केलेल्या पोलादावर घाव पडले, मग तेलात बुडवून मला टणक केलं. माझे दोन्ही जबडे मिटले की मधून उजेडाची रेघसुद्धा जाऊ नये, असा तिथल्या कारागिराचा हट्ट होता. दुकानात आले तेव्हा मी चकाकत नव्हते. अंगावर तेलाचा काळसर हात होता, म्हणून गिऱ्हाइकं मला ओलांडून रंगीत मुठीच्या पकडींकडे जात.

एके सकाळी एक मावशी आल्या. त्या इस्पितळात नर्स होत्या. त्यांच्या भाचीने स्वतःचं घर घेतलं होतं आणि त्यांना तिला एखादं अवजार भेट द्यायचं होतं. दुकानदाराने खोक्यातला चकचकीत संच पुढे केला.

"हा न्या, ताई. लोक हाच नेतात. दिसायला एकदम भारी."

"दिसायला काय करायचंय?" मावशी म्हणाल्या. "नळ गळला की खोकं दाखवून तो थांबत नाही."

त्यांनी एकेक पक्कड उघडून मिटून पाहिली. एकीचा सांधा डुगडुगत होता, दुसरीची मूठ तळव्याला बोचत होती. मग मला उचलून त्यांनी माझ्या दातांत कागदाचा कपटा धरला आणि ओढला. कागद फाटला, पण सुटला नाही. "ही बांधून द्या," त्या म्हणाल्या. तेव्हा मला माझ्याच वजनाचा अभिमान वाटला.

भाचीने मला हातात घेतलं नि म्हणाली, "मावशी, काय घट्ट धरते गं ही!" पण तिच्या दिराने अगदी तसलाच खोक्यातला संच आणला होता. आत लाल मखमल, वर चंदेरी अवजारं. भाचीचा नवरा हरखून गेला. खोकं बैठकीच्या खोलीत टीव्हीखाली विराजमान झालं. पाहुणा आला रे आला की झाकण उघडायचं. आणि मी? मी ओट्याखालच्या बादलीत, ओल्या फडक्यांच्या सोबतीला.

"चांगली अवजारं कशाला खराब करायची? घाणीला ही काळी आहेच की," असं नवरा म्हणायचा, आणि बोलल्याप्रमाणे वागायचाही. बाथरूमची जाळी तुंबली की माझ्या तोंडाने तो केसांचे बुळबुळीत गुंते उपसायचा. रंगाच्या डब्यात मला घालून रंग ढवळायचा. एकदा फ्रिजमागे उंदीर मरून पडला. घरभर दुर्गंधी सुटली, तेव्हा त्याने नाक दाबून त्याची शेपटी माझ्या दातांत दिली. उंदीर गेला, शेपटीचा तुकडा माझ्या तोंडातच राहिला. स्वतःचे हात त्याने कोपरापर्यंत साबणाने धुतले. मला तसंच बादलीत फेकलं.

"अरे, पुसून तरी ठेव!" भाची सुरुवातीला कुरकुरायची. पुढे तिलाही त्या बादलीत हात घालवेना. माणसाला किळस आली की तो वस्तू धूत नाही, तिच्याकडे बघायचंच सोडून देतो.

एका सुट्टीच्या दुपारी गिझरच्या नळीचा नट ठिबकू लागला. नवऱ्याने ऐटीत खोकं उघडलं. "बघ, आत्ता चुटकीसरशी करतो." चंदेरी पकडीने नट धरला, जोर लावला, आणि तिचा सांधाच निसटला. हात नळीवर आदळला, नळी निखळली आणि कढत पाणी थेट त्याच्या मनगटावर आलं. भाची धावली. तिने त्याला बाहेर ओढलं, त्याचा हात गार पाण्यात बुडवला, गिझरचं बटण बंद केलं. पण मुख्य कॉकची चावी केव्हाच तुटली होती, नुसता दांडा उरला होता. तो फिरवायला पक्कडच हवी.

तिने बादलीत हात घालून मला उचललं. किती वाट पाहिली होती मी या कामाची! पण माझा सांधा गंजून जाम झाला होता. तिने मुठी ओढल्या, मला फरशीवर आपटलं. "उघड ना गं, उघड!" ती रडकुंडीला आली. मी उघडले नाही. शेवटी शेजारच्या काकूंची पक्कड आणून तिने पाणी बंद केलं. तोवर बैठकीत तळं साचलं होतं, आणि नवऱ्याच्या मनगटावर टरटरून फोड आले होते.

पट्टी बांधायला मावशी आल्या. पट्टी झाल्यावर त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला नाकाजवळ नेलं, दातांतला तो वाळका तुकडा पाहिला आणि हात लांब केला.

"शी! ही मी दिलेली?"

भाचीने मान हलवून होकार दिला.

"मी रोज लोकांच्या जखमा धुते, मला किळस येत नाही," त्या जावयाला म्हणाल्या. "हिची आली. कारण ही घाण आळसाची आहे."

भाचीने मला रॉकेलमध्ये भिजत घातलं, तारेच्या ब्रशने घासलं, सांध्यात तेल सोडलं. मी कुरकुरत उघडले. झिजलेले दात मात्र झिजलेलेच राहिले, आणि वासही पुरता गेला नाही.

पण खरी किळस मला नंतरच आली. नवऱ्याच्या मित्राने नवं घर घेतलं, तेव्हा हा खोकं पुसत म्हणतो, "यातली मोडकी पक्कड सोडली तर सगळं नवंच आहे. कागद गुंडाळून देऊन टाकू. कोण उघडून बघतंय?"

भाची त्याच्या मनगटावरच्या डागाकडे बघत राहिली. "तुझा हात भाजला, तेवढं पुरे नाही? आता त्याचाही भाजायचाय?" असं म्हणून तिने खोकं उचललं आणि भंगारवाल्याच्या गाडीवर नेऊन टाकलं. नवऱ्याने तिला अडवलं नाही. त्याला पटलं की नुसती लाज वाटली, कोण जाणे. मी पक्कड आहे, मनकवडी नाही.

तर मित्रांनो, कुणाच्या घरासाठी अवजार घ्याल तेव्हा खोक्याला भुलू नका. उघडा, मिटा, हातात तोलून बघा. आणि तुम्हाला कुणी असं पारखून दिलंच, तर काम झाल्यावर त्याचं तोंड पुसा, तेलाचा थेंब द्या, कोरड्या जागी ठेवा. एवढंही होणार नसेल, तर सरळ फुलांचा गुच्छ मागून घ्या. तो फार तर कुजेल, पण त्याने कुणाचा हात भाजणार नाही.