रोंडाला कुणी उभे केले नाही

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, डोक्यापासून पायापर्यंत माणूस मावेल एवढा, आणि सध्या माझे डोके ठिकाणावर नाही. खालच्या कोपऱ्यात माझी काच काळवंडली आहे, मेपलच्या चौकटीचा एक टवका उडाला आहे, पण राग यायला तेवढ्याने काही अडत नाही. माझी हकिकत स्तनांच्या शस्त्रक्रियेची आहे, हे आधीच सांगून टाकतो. गुडघ्याची असती तर तुम्ही मान न वळवता ऐकली असती. तशीच हीही ऐका.

अमेरिकेच्या उत्तरेला डलूथ नावाचे आमचे गाव, तिथे सरोवराच्या काठच्या एका सुतारखान्यात मला चौकट बसली. काम झाल्यावर सुताराने मला भिंतीला टेकवले, माझ्यात बघून दाढीतला भुसा झटकला आणि म्हणाला, "वाईट नाही." आमच्या गावात याहून मोठी शाबासकी नसते. इथे कुणाला लॉटरी लागली तरी तो "वाईट नाही" म्हणतो आणि पाय मोडला तरी "चालायचंच" म्हणतो. तक्रार करणे म्हणजे चारचौघांत शिंकण्यासारखे. गावाला या सवयीचा मोठा अभिमान आहे. मला अजिबात नाही.

मला विकत घेतले डॉक्टर सोल्बर्ग यांनी. टेकडीवर त्यांचा लहानसा दवाखाना होता. भाजलेले हात, फाटलेले ओठ, बाळंतपणांनी नाहीतर वजन उतरल्याने ओघळलेले स्तन, असे सगळे त्यांच्याकडे येत असे. शस्त्रक्रियेच्या सकाळी ते बाईला माझ्यासमोर उभी करत. पाय अनवाणी, खांदे सैल, हात खाली. मग जांभळ्या पेनाने अंगावर खुणा करत, मागे सरून माझ्यात बघत, पुसत आणि पुन्हा काढत. "आडवं झाल्यावर सगळ्या बाया सारख्याच दिसतात," ते म्हणायचे. "जमिनीची ओढ असते ती उभ्या माणसाला. तुम्हाला काय जन्म पलंगावर काढायचाय?"

बाई सवयीने म्हणायची, "ठीक आहे, डॉक्टर."

"ठीक आहे हे चर्चमध्ये कॉफी पिताना सांगा. मला डावं-उजवं सांगा."

मग ती लाजत लाजत सांगायची. दोन बाजू कुणाच्याच अगदी सारख्या नसतात, हेही ते तिला माझ्यातच दाखवून द्यायचे आणि किती फरक राहील ते आधी सांगायचे. महिन्यांनी त्याच बाया परत येऊन माझ्यासमोर उभ्या राहत, आधी चोरून आणि मग सरळ मान करून. काही जणी नुसत्याच हसत. ती माझी ऐन उमेदीची वर्षे होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे लोक म्हणतात. कांकणाला नसेल लागत, पण स्वतःच्या अंगाला लागतो, आणि तो मी होतो.

मग सोल्बर्ग थकले. दवाखाना डॉक्टर टॉलेफ्सन यांच्याकडे गेला. हा माणूस गोडबोल्या, दात पांढरेशुभ्र, हात लोण्यासारखे मऊ. त्याने भिंतीभर संगणकाचा पडदा लावला. त्यात बाईचा फोटो घातला की तिची बाहुली होऊन गरगर फिरते आणि शस्त्रक्रियेनंतर ती कशी दिसेल तेही दाखवते. मला दाराआड ढकलण्यात आले. वर माझ्या चौकटीला दोन खुंट्या ठोकल्या आणि त्यांवर कोट लटकू लागले. इथला हिवाळा म्हणजे कोटांचाच. नोव्हेंबरात एकदा तोंडावर पडलेले कोट मे महिन्यापर्यंत हलत नसत. बाह्यांच्या फटीतून जेवढे दिसेल तेवढेच माझे जग होते.

त्या फटीतून मी रोंडा कोस्कीला पहिल्यांदा पाहिले. रोंडा शाळेची बस चालवते. आमच्या उतारांवर, बर्फात, मागे चाळीस पोरे आरडाओरडा करत असताना. साखरेच्या दुखण्यामुळे तिने जिद्दीने वजन उतरवले होते, पण कातडी मागे राहिली. उन्हाळ्यात स्तनांखाली पुरळ उठायचे आणि बसचा पट्टा त्यावरच घासायचा. म्हणून तिने टॉलेफ्सन यांच्याकडून स्तन वर उचलून बांधून घेण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. वर्षभरात डावी बाजू पुन्हा ओघळली. तेव्हा ती परत आली, तीही हातात लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन.

"तुमचा वेळ घेते मी," ती डॉक्टरांना म्हणाली. "थोडं खाली आलंय असं मला आपलं वाटतं. नसेलही."

डॉक्टर बाहेर गेल्यावर तिची बहीण ट्रीना फणकारली. "नसेलही? अगं, तुझ्या अंगावर आहे ते. तू ना, कुणी तुझा पाय तुडवला तर त्यालाच सॉरी म्हणशील. वर वड्या देशील."

"हळू बोल गं. बाहेर ऐकू जाईल."

"जाऊ दे की. त्यासाठीच बोलतेय."

डॉक्टरांनी फेरशस्त्रक्रिया ठरवली. त्यात गैर काही नव्हते. शरीर म्हणजे काही लाकूड नव्हे, कधी कधी दुसऱ्यांदा हात घालावा लागतो, हे मला सोल्बर्ग यांच्या काळापासून ठाऊक आहे. गैर झाले ते त्या सकाळी. रोंडाला गुंगीची गोळी देऊन पलंगावर झोपवले होते. डॉक्टर उशिरा आले, पलीकडच्या खोलीत दुसरी बाई वाट बघत होती. त्यांनी कोट काढून माझ्या तोंडावर फेकला आणि पेनाचे टोपण उघडले.

"उभी राहू का, डॉक्टर?" रोंडाने विचारले. जीभ जड झाली होती, तरी तिने विचारले, हे लक्षात ठेवा.

"कशाला? पडून राहा आरामात. मापं सगळी पडद्यावर आहेत."

"बरं बरं. तुम्हाला त्रास नको."

आणि त्यांनी झोपलेल्या बाईच्या अंगावर खुणा केल्या. झोपलेल्या बाईच्या. माझे लाकूड तडकायचे बाकी राहिले. खोलीत मी होतो, चार पावलांवर. नुसता कोट बाजूला करायचा होता आणि तिला हात देऊन उठवायचे होते. एवढ्याने एका बाईचे वर्ष वाचले असते. पण पडद्यावरची बाहुली गरगर फिरत होती आणि तिच्यावर गुरुत्वाकर्षणाचा काही परिणाम होत नव्हता.

जखमा भरल्या. सूज उतरली. मग दिसायचे ते दिसले. उजवी बाजू वर ओढली गेली होती आणि डावी पुन्हा खाली उतरली होती, आणि दोन्हींचा एकमेकींशी मेळ राहिला नव्हता. रोंडा आता पोराचा मोजा घडी करून आतल्या कपड्यात ठेवू लागली, म्हणजे गणवेशाच्या शर्टातून दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात. तपासणीच्या आधी ती तो मोजा काढून घाईघाईने पर्समध्ये लपवायची. चोरी कुणी केली आणि लपवत कोण होते, बघा.

पहिल्या भेटीत डॉक्टर म्हणाले, सूज आहे. दुसऱ्या भेटीत म्हणाले, बसेल हळूहळू. रोंडा दोन्ही वेळा "बरं" म्हणून गेली. तिसऱ्या भेटीत ती एवढेच म्हणाली, "घरी आरशात बघितलं की मला वाकडं दिसतं."

डॉक्टर गोड हसले. "रोंडा, एक सांगू? आरशासमोर फार उभ्या राहू नका. सगळं बिघडतं ते तिथेच. मनाचे खेळ असतात हे."

मित्रांनो, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. वाकडे कापले यांनी आणि खोटा ठरलो मी. माझ्या सगळ्या जातीवर त्या माणसाने आळ घेतला. पण माझे सोडा, मी काच आहे. तिचे काय? ती मान खाली घालून कपडे घालत होती आणि तिला गुंडी लागत नव्हती. त्या दिवशी ती स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेऊन घरी गेली. दोन बाजूंतला फरक एक वेळ चालवून घेता येतो. आपल्याला दिसते ते खरे नाही, हे कुणी मनात भरवले तर त्यावर टाके नाहीत.

पुढच्या भेटीला ट्रीना पुन्हा बरोबर आली. "आज मी बोलते," ती म्हणाली.

"नको," रोंडा म्हणाली. "तू बोललीस तर ते तुझं ऐकतील, माझं नाही."

या वेळी डबा नव्हता. डॉक्टरांनी पडदा लावला. त्यावर रोंडाचेच फोटो होते, दोन्ही हात डोक्यावर ठेवून काढलेले. हात वर गेले की सगळेच वर जाते, हे शेंबड्या पोरालाही कळेल. "बघा," डॉक्टर म्हणाले, "इतका छान निकाल क्वचित लागतो. फरक नावालासुद्धा नाही. तुम्हाला मन:शांतीसाठी कुणाशी बोलायचं असेल तर मी नाव सुचवतो."

रोंडाने पडद्यावरचे ते वर केलेले हात निरखून पाहिले.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मी दिवसभर हात वर करून बस चालवत नाही."

ट्रीना खोकली. ते हसू होते, मी ओळखतो.

रोंडा उठली आणि दाराशी आली. तिने आधी स्वतःचा कोट काढून ट्रीनाच्या हातात दिला, मग ट्रीनाचा, मग डॉक्टरांचा जाड कोट ओढला. तो तिने उचलून ठेवला नाही, जमिनीवर पडू दिला. कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडावर उजेड आला. ती तपासणीचा झगा सोडून माझ्यासमोर उभी राहिली, पाय अनवाणी, खांदे सैल, हात खाली. हे तिला कुणी शिकवले नव्हते.

"इकडे या. माझ्या मागे उभे राहा आणि काय दिसतं ते सांगा."

"रोंडा, ऊती बसायला वेळ—"

"ऊती नको. काय दिसतं?"

डॉक्टर आले. आता माझ्यात दोघे होते, ती पुढे आणि खांद्यावरून त्यांचा चेहरा. पडद्याकडे बघताना त्यांना आपला चेहरा कधी दिसला नसेल. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. ती हलली नाही. मला वाटले, आता ही म्हणणार, असू दे, जाऊ दे, तुम्हाला त्रास नको. तिचे ओठ हललेसुद्धा. पण ती म्हणाली, "मला वेळ आहे. पोरं सुटायला अजून अवकाश आहे."

"डावी बाजू खाली आहे," ते शेवटी म्हणाले.

"किती?"

"दोन बोटं."

"आणि उजवी?"

"वर गेलीय. जास्त कापलं गेलं."

रोंडाने डोळे मिटले. ती रडेल असे मला वाटले होते, पण तिने नुसता मोठा श्वास सोडला, चढ संपल्यावर सोडतात तसा.

"म्हणजे मला वेड लागलेलं नाही."

"नाही," डॉक्टर म्हणाले. मग घाईने म्हणाले, "मी परत करून देतो. पुढच्याच महिन्यात."

"त्या दिवशी मला उभं का नाही केलंत? मी विचारलं होतं."

"घाई होती."

"हं." तिने झगा बांधला, शांतपणे, पहिल्याच प्रयत्नात. "तिसऱ्यांदा करायचं की असंच राहायचं ते मी ठरवीन. पण तुमच्या हातून नाही."

"रोंडा, मनाला लावून घेऊ नका."

"लावून घेणार आहे," ती म्हणाली.

आमच्या गावात असे वाक्य मी कधी ऐकले नव्हते. ट्रीनानेसुद्धा आ वासला.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी मदतनीस मुलीला सांगितले की हा आरसा जुना झाला आहे, माणसाला वाकडे दाखवतो. नाचता येईना अंगण वाकडे. तेव्हापासून मी तळघरात भिंतीकडे तोंड करून उभा आहे. वरच्या खोलीत बाया येतात, पावले ऐकू येतात, पलंग करकरतो. करकरला की मला कळते, आणखी एकीला आडवी केली.

मित्रांनो, मला तळघरातून काढा अशी विनंती मी करत नाही. काच पुसा, चौकटीला तेल द्या, तेही म्हणत नाही. पण उद्या तुमच्या घरची कुणी बाई अशा खोलीत जाईल तेव्हा तिला पाठवताना सांगा की खुणा करण्याआधी मला उभी करून बघा असे म्हण. एकदा म्हणून भागले नाही तर दुसऱ्यांदा म्हण. आणि त्रास नको असे मुळीच म्हणू नकोस, तो त्रास घेणे हाच त्यांचा धंदा आहे. रोंडाच्या अंगावर चुकीच्या खुणा होताना मी कोटाआडून सगळे पाहिले आणि चकार शब्द काढू शकलो नाही. मी काच आहे. तुम्हाला तोंड आहे.