काल्याच्या दिवशी सात भोकं

तेव्हा करंजाडे गावाच्या पुढ्यात खाडी होती, आणि खाडी न् भातशेतांमध्ये उभा होता तो मातीचा खारबांध. चिंबोरीनं, म्हणजे खेकड्यानं, त्यात बीळ केलं अन् भरतीचं पाणी शिरलं, की बघता बघता खिंडार पडायचं. मग खारट झालेलं शेत दोन-तीन पावसाळे उठायचं नाही. म्हणून उधाणाच्या दिवशी घरागणिक पहाऱ्याची पाळी लावलेली असे.

एकसष्ट सालच्या मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळी दाजीची आली, आणि त्याच दिवशी देवळात सप्त्याचा काला. दाजीला कीर्तनाचं वेड असं, की स्वतःच्या लग्नात अंतरपाटामागे उभा राहून तो शेजारच्या आळीतल्या मृदंगाकडे कान लावून होता, असं त्याची थोरली बहीण गोदूबाई सांगे.

पहाटे त्यानं बांध पावलापावलानं तपासला. उधाण दुपारी बाराचं. मधे घटकाभर बसून येऊ, म्हणून निघतोय तोच पनवेलचे एलिजा मास्तर दहा-बारा गोरी मुलं घेऊन आले. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाची ती मुलं खाडी आणि खाडीकाठची माणसं शिकायला महिनाभर आली होती. मास्तर त्यांचे दुभाषे.

“दाजी, यांना चिखलाचे थर बघायचेत.”

“चिखलाला काय तोटा, मास्तर? पन पोरांचं बूट भिजतील. बांधावर उभं करा त्यांना. तितं कोरडं हाय.”

पाहुण्यांची सोय लागली, या समाधानात दाजी देवळात जाऊन बसला.

कीर्तनकार धर्मराजबुवा रंगात आले होते. गोपाळांच्या शिदोऱ्या सुटत होत्या; कुणाची शिळी भाकर, कुणाचं आंबट ताक, सगळं एकात एक. दाजीचे डोळे मिटलेले. कुणीतरी हळूच खांद्याला हात लावला. एक गोरी मुलगी, बूट बाहेर काढून, डोक्याला रुमाल बांधून, लोखंडी नळी पुढे धरून बसली होती.

“पहिला नमुना तुम्हाला दाखवायचा म्हणते,” मागून मास्तर कुजबुजले. “जागा तुम्ही सुचवलीत ना.”

नळीत हातभर निळसर चिखल होता. आणि त्यात मधून मधून भाताचा पेंढा.

खाडीच्या चिखलात पेंढा नसतो. तो माणूस घालतो, बांध घट्ट धरावा म्हणून.

“किती भोकं पाडली?”

मास्तरांनी तिला विचारलं. “सात.”

अकरा वाजून गेले होते. सात भोकं एकट्यानं बुजणारी नव्हती. आणि हंडी फुटायच्या आत काल्यातून उठायचं नसतं. तरी दाजी उठला.

“बुवा, पाळी माजी होती. मी हितं येऊन बसलो. बांधाला सात भोकं पडलीत. पोरांचा दोष नाय, मीच त्यांना तितं धाडलं.”

मृदंग थांबला. सप्त्यात वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून ती गळ्यात तशीच घेऊन बुवा पायऱ्या उतरले. “चला,” म्हणाले, “गोपाळ आधी, काला मागून.”

टोपल्या निघाल्या, पेंढ्याचे भारे निघाले. तिसऱ्या भोकातून पाणी झिरपायला लागलं होतं. गावातल्या जगननं तिथं पाठच लावली. गोरी मुलं गुडघाभर चिखलात, मास्तर कोटासकट. बुवा बांधावर उभे राहून गात होते. गोदूबाई टोपली पुढे देता देता म्हणाली, “देवानं ह्याला कानच दिलं. मधलं डोकं द्यायचं राह्यलं.”

पाणी बांधाच्या माथ्याला वीतभर कमी असताना थबकलं, आणि उतरायला लागलं.

हंडी फुटली तीन वाजता. पुढच्या साली पाळ्या ठरायला बसले तेव्हा तो म्हणाला, “काल्याच्या दिसाला माजंच नाव घाला.” तिथी उधाणाचीच, तेव्हा दर साली घातलं.

देऊळ बांधापासून दूर. वारा गावाकडून असला तर टाळ कळे, एखादं चरण कळे. खाडीकडून असला की काहीच नाही. मग दाजी बिळं शोधत चालता चालता आपणच गोपाळांच्या शिदोऱ्या सोडायला लागे, मोठ्यानं, बेसूर, आणि शेजारच्या मिठागरातली माणसं हातातलं काम टाकून ऐकत उभी राहत.