ताईसाठी ग्राफिक्स कार्ड

खोटं बोलायचंच तर माणसानं बेताचं बोलावं, निभावता येईल एवढं. ताईनं मात्र चहा ओतता ओतता भलंमोठं बोलून ठेवलं.

"तुझा स्क्रीनच धूसर झालाय रे. त्यात मला काय दिसणार, कपाळ?"

धाकट्या भावानं ते खरं मानलं. ताईचं कुठलंही बोलणं खरं मानायची त्याला लहानपणापासूनची खोड होती. तो एसी दुरुस्त करायचा, त्रेचाळिशीला आला होता, लग्न केलं नव्हतं. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. ती शाळेची बस चालवायची, तेही एकोणीस वर्षं, आणि बसला तेवढ्या काळात एक ओरखडा नव्हता. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की दोघं कॉम्प्युटरपुढे बसत. माऊस धाकट्याच्या हातात, ताई शेजारच्या स्टुलावर. खेळ एका हेराचा होता, जुन्या शहराच्या छपरांवरून पळणाऱ्या. पळायचं काम धाकट्याचं, पाहायचं काम ताईचं. "धुराड्यामागे बघ! वर, वर, खिडकीत!" शेवटच्या बाकावर डबा कोण उघडतंय हे जिला आरशात दिसतं, तिला तिरंदाज दिसणार नाही तर काय. धाकटा तिला घार म्हणायचा.

गेले दोन महिने घार चुकत होती. एका दुपारी हेर तीनदा मेला. "ताई, लक्ष कुठंय तुझं?" असं धाकट्यानं विचारलं, आणि तेव्हाच ते स्क्रीनचं निघालं.

खरी गोष्ट अशी की ताई जिकडे बघेल तिथे नेमका मधोमध एक राखाडी डाग यायचा. कडेचं सगळं ठीक, मधलं गायब. डावा डोळा झाकला तर दाराची सरळ चौकट पोटात वाकलेली दिसायची. मागच्या आठवड्यात बससमोर दप्तर घेऊन उभी असलेली एक मुलगी तिला दिसलीच नाही. बसमध्ये मुलांना सांभाळणारी बाई किंचाळली म्हणून ब्रेक लागला. "ऊन आलं गं डोळ्यांवर," ताई म्हणाली. आभाळ तेव्हा भरून आलं होतं, पण बाईनं वाद घातला नाही. ताईचं नाव चांगलं होतं ना, ते असं कामाला आलं.

डॉक्टरकडे जायला हवं हे न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती. पण डॉक्टर त्या डागाला नाव देणार, नाव कागदावर येणार, कागद शाळेत जाणार, आणि स्टिअरिंग हातातून जाणार. तेव्हा आज नको, उद्या. आणि गंमत बघा, भावाला मारलेली थाप तिची तिलाच हळूहळू पटायला लागली. असेलही स्क्रीनचाच दोष. सतत त्या धूसर काचेत बघून डोळे थकले असतील, नवा आला की सुधारतील. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, हिनं कार्डाचा धरला.

धाकटा तर कामालाच लागला. नवा स्क्रीन घ्यायचा तर तो चालवणारं ग्राफिक्स कार्डही नवं हवं, म्हणून त्यानं एका वहीत रकाने आखले: कार्डाची मेमरी, लागणारी वीज, लांबी. कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून आत टेप लावून मापं घेतली. जेवताना घास हातात तसाच धरून तो ताईला समजावायचा.

"चित्र ठिपक्यांचं असतं. आत्ता आपल्या स्क्रीनवर वीस लाख आहेत. फोर-के म्हणतात तो स्क्रीन घेतला की ऐंशी लाख! प्रत्येक ठिपका सेकंदाला साठ वेळा नव्यानं काढायचा. आपल्या जुन्या कार्डाला हे झेपायचं नाही, धापा टाकेल ते."

"घे मग नवीन," ताई म्हणाली. "चांगलंच घे. अर्धवट काही नको."

जखम मांडीला आणि मलम शेंडीला, तसा हा प्रकार. मलम लावणारा बिचारा मन लावून लावत होता.

शनिवारी दोघं दुकानात गेली. दुकानदार चष्मा कपाळावर चढवलेला, सडसडीत आणि या धंद्यात शोभणार नाही इतका सरळ माणूस होता. त्यानं दोन स्क्रीन शेजारी शेजारी लावले, दोन्हींवर तेच जंगल. एकाला मधल्या ताकदीचं कार्ड, दुसऱ्याला फोर-केचं मोठं.

"मधलं घ्या," तो म्हणाला. "मोठं घेतलंत तर पॉवर सप्लायही बदलावा लागेल. आणि बसायच्या अंतरावरून डोळ्याला फारसा फरक कळत नाही."

"माझ्या ताईचे डोळे तुम्हाला माहीत नाहीत," धाकटा म्हणाला. "ताई, तूच सांग. कुठला?"

ताईनं डावीकडे पाहिलं, जंगलाच्या पोटात राखाडी भोक. उजवीकडे पाहिलं, भोक तिथेही आलं. दुकानात ट्यूबलाइट फार आहेत, तिनं स्वतःला सांगितलं, घरी कळेल. मग तिनं भावाच्या चेहऱ्याच्या कडेला पाहिलं. तो उजव्या स्क्रीनकडे तोंड करून श्वास रोखून उभा होता.

"उजवीकडचा," ती म्हणाली.

"बघा!" धाकटा दुकानदाराला म्हणाला. त्या "बघा"मधला अभिमान ऐकून ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी दुपारी त्यानं नवा स्क्रीन मांडला, पॉवर सप्लाय बदलला आणि कार्ड बसवलं. ते इतकं लांब होतं की आतली एक पट्टी काढावी लागली आणि त्यात त्याचं बोट कापलं. रक्त पुसत त्यानं बटण दाबलं. स्क्रीन उजळला, शहर उभं राहिलं, आणि धाकटा नुसता "आई गं" म्हणून गप्प बसला.

क्षणभर ताईच्याही काळजात लख्ख झालं. खरंच दिसत होतं! कडेच्या छपरावरचं कौल न् कौल, भिंतीवरचा वेल, उडून गेलेलं कबुतर. सुटले एकदाची, असं तिला वाटलं.

"मनोऱ्यावर कोण आहे?" धाकट्यानं विचारलं.

तिनं मनोऱ्याकडे पाहिलं आणि मनोरा नाहीसा झाला. तिनं नजर बाजूला नेली, तेव्हा तो परत आला, पण नुसताच उंच काहीतरी.

"कोणी नाही. चल."

बाण आला. हेर कोसळला. दुसऱ्या खेपेलाही "कोणी नाही" आणि बाण. तिसऱ्या खेपेला तिनं ठोकून दिलं, "दोघं आहेत!" हेर अर्धा तास भिंतीआड दबून बसला, आणि मनोरा रिकामा निघाला.

धाकट्याला तिचा संशय आलाच नाही. त्यानं रंग बदलून पाहिले. केबल उलटसुलट केली. अक्षरं मोठी केली. शेवटी ठिपके कमी करत करत जुन्या वीस लाखांवर आला, मग त्याच्याही खाली. "आता दिसतंय?" "हो." "काय लिहिलंय मग वर?" ताईनं स्टूल पुढे ओढलं. 

"कार्डच नासकं दिलंय त्यानं!" धाकटा उठला. त्यानं दुकानात फोन लावला आणि त्या भल्या माणसाला असं फैलावर घेतलं की विचारू नका. "माझ्या ताईला दिसत नाही म्हणजे काय समजता? एका नजरेत सांगायची ती! लोकांच्या गळ्यात काय वाट्टेल ते मारता?"

"घेऊन या," दुकानदार म्हणाला. "मी तपासायला पाठवतो. आठवडाभरात दुसरं देतो."

आठवडाभर. ताईनं ते ऐकलं आणि तिला किती बरं वाटलं, हे पुढे जन्मभर तिला टोचत राहिलं. आणखी एक आठवडा कोणी काही विचारणार नव्हतं. मग तिच्या डोक्यात त्या आठवड्यातल्या सकाळी आल्या, फाटकाबाहेर रस्त्यावर ताटकळणारी पोरं आली, आणि ती दप्तरवाली मुलगी.

धाकटा कार्डाचे स्क्रू काढायला वाकला होता.

"राहू दे ते. कार्डात काही खोट नाही."

"मग स्क्रीन?"

"स्क्रीनही छान आहे रे. एवढा छान स्क्रीन आणलास तू."

तो वाकलेलाच राहिला. त्याला कळायला वेळ लागला, कारण ते त्याला कळून घ्यायचं नव्हतं. मग तो जमिनीवर बसला.

"कधीपासून?"

"झाले दोन महिने."

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "अगं, तू परवा बस नेलीस."

 तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तिला रडू आलं, ते तिनं येऊ दिलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"शाळेच्या बसचं बघतात ना, त्या साहेबांना फोन लाव. नंबर तेवढा काढून दे, बोलते मी."

त्यानं नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. पलीकडे लगेच उचलला गेला.

"अरे वा, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला!" साहेब म्हणाले. "मीच करणार होतो फोन. उद्यापासून दहा मिनिटं आधी निघा बरं का. दोन नवी पोरं वाढलीत तुमच्या बसला. त्यांची आई अडूनच बसली, पाठवायची तर त्याच बाईंच्या बसमध्ये पाठवीन म्हणून."

ताईनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"साहेब," ती म्हणाली, "आधी माझं ऐकून घ्या."