हरिणीने मागे वळून पाहावं का?

आमच्या गेममधल्या हरिणीने उडी मारण्याआधी मागे वळून पाहावं की नाही, यावरून आमच्यात बोलणं बंद व्हायची वेळ आली होती.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. चित्रं आणि अ‍ॅनिमेशनची प्रमुख मी, म्हणजे दोन्ही बाजूंनी शिव्या खायचं काम माझं. गेम साधाच: दुष्काळात एक हरिणी पाडसाला झुडपापाशी ठेवून पाण्याच्या शोधात निघते, वाटेत दऱ्या ओलांडते. हरिणीच्या हालचाली काढणाऱ्याला आम्ही गोगलगाय म्हणायचो. एका कानाच्या थरथरीला हा प्राणी आठवडा लावायचा. पण गोगलगाय आणि पोटात पाय! कुणाला न विचारता त्याने हरिणीला उडीआधी मागे वळायला लावलं.

"बटण दाबलं की उडी!" प्रोग्रॅम लिहिणारी आमची फटाकडी कडाडली. "खेळणाऱ्याने काय हिची मान वळेपर्यंत जांभया द्यायच्या?"

"पिल्लाला सोडून चाललीये ती," गोगलगाय पुटपुटला. "लगेच कशी उडी मारेल?"

मी दोघांनाही झापलं आणि निकाल मात्र गोगलगायच्या बाजूने दिला. फटाकडीने धुसफुसत, अगदी ऐनवेळी ते वळणं बसवलं. आज परीक्षक बाईंनी पास केलं तरच गेम पुढे करायला मिळणार होता. नाहीतर गाशा गुंडाळायचा.

बाईंनी कंट्रोलर हातात घेतला. दरीच्या कडेला आल्यावर बटण दाबलं. हरिणीने मान वळवायला घेतली. बाईंना धीर कुठला! पुन्हा दाबलं. हरिणी पुन्हा पहिल्यापासून वळली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. घाईत राहिलेली चूक आत्ता माझ्या लक्षात आली: बटण दाबलं की वळणं नव्याने सुरू होत होतं, त्यामुळे उडीची पाळीच येत नव्हती. फटाकडी खाऊ की गिळू अशा नजरेने माझ्याकडे बघत होती.

"हिला जायचंच नाहीये," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सरळ हरिणीला माघारी फिरवलं.

माघारी कुणी जाईल असं आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. हरिणी चालू लागली. ती चाल मी कितीतरी वेळा पाहिली होती, पण तुकड्यातुकड्यांत, चुका काढत. अशी कधीच पाहिली नव्हती. खांदे थकलेले, मागचा एक पाय जरासा उशिरा उचलला जाणारा. खोलीतले सगळे खुर्च्यांत पुढे सरकले. आम्हीच काढलेल्या रेघा त्या, तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हे आपण केलं? मला खरंच वाटेना.

झुडपापाशी पोचून हरिणी थांबली. तिच्या बरगड्या श्वासाने हलत होत्या. पायाशी पाडस होतं.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग आजाऱ्याच्या उशाशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाल्या, "हे श्वास का घेत नाहीये?"

पाडसाचं नुसतं चित्र होतं. सुरुवातीला क्षणभर तर दिसतं, त्याला कशाला हालचाल, म्हणून मीच ते काम वगळलं होतं.

"ते राहिलंय, बाई," मी म्हणाले.

बाईंनी कंट्रोलर खाली ठेवला नाही.

"पास-नापास मागाहून बघू," त्या म्हणाल्या. "मी हिला इथेच उभी ठेवते. तुम्ही आधी त्याला श्वास द्या."