रखवालदाराचा दिवा

मेलेल्या माणसाच्या वाक्याला हात लावू नये, एवढं साधं शहाणपण आमच्या सूनबाईंना नाही, असं मी त्या दुपारी तिच्या तोंडावर बोलले. पाठीमागे बोलायची मला सवय नाही. पाठीमागे बोललं की ज्याला ऐकवायचं तो ऐकत नाही आणि आपली वाफ फुकट जाते.

ती समोर बसली होती, जेवणाच्या टेबलावर छापील कागद पसरून, कानावर लाल पेन खोचून. ती एका छापखान्यात मुद्रितं तपासते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. घरात हे काम मी जन्मभर फुकट केलं.

कागद माझ्या दिरांच्या गोष्टींचे होते. भावजींना जाऊन दीड वर्ष होत आलं होतं आणि आता त्यांचं पुस्तक निघत होतं. जिवंतपणी एकही निघालं नाही. त्यांची नोकरी इस्पितळातल्या लिफ्ट दुरुस्त करायची. लग्न केलं नाही, राहायला पहिल्यापासून आमच्याकडे. आणि रिकाम्या वेळात परग्रहांवरच्या गोष्टी लिहायचे. पान-दीड पानाच्या, चिमुकल्या. मासिकाला जाहिरात मिळाली नाही की त्या जागी भावजींची गोष्ट लागायची. माझे मालक हसायचे. "इस्पितळातली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकलीय आणि आमचे बंधू पोचले शनीवर."

भावजी हसण्यावारी न्यायचे. लिहिण्याआधी गोष्ट मला सांगायचे मात्र. मी मटार सोलत बसलेली, ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी स्टूल ओढून.

"वहिनी, समजा एका ग्रहावर पाऊस खालून वर पडतो."

"मग छत्री काय पायाला बांधायची?"

ते स्टूल सरकवून उठायचे. चार दिवसांनी गोष्ट लिहून व्हायची आणि तिच्यात सगळा गाव पायाला छत्र्या बांधून बाजारात निघालेला असायचा. माझी शाळा दुसरीत सुटली. अक्षरं लागायला लागली ती पुढे भावजींचे कागद चाळता चाळता. त्यामुळे झालंय काय, की त्यांचं अक्षर मला लागतं आणि छापील मजकूर अजून परका वाटतो. बाकी जगाचं उलटं. प्रकाशक म्हणाले होते, "हे अक्षर आहे की शाईत पाय बुडवून कोंबडी चालून गेली?"

पुस्तक काढायचं सूनबाईंच्याच डोक्यात आलं. माझ्या मुलाच्या नाही, माझ्याही नाही. जुन्या मासिकांसाठी ती रद्दीवाल्यांपासून वाचनालयांपर्यंत हिंडली. कचेरीतून आली की चहा घ्यायच्या आधी कागद. गादीवर कागद, खिडकीत कागद, धुतलेल्या कपड्यांच्या घडीत कागद. हाक मारली तर "हं" म्हणायची आणि जागची हलायची नाही. मी बोलायचं ते बोललेच. पण पुस्तक तिच्यामुळे होतंय हे मला दिसत नव्हतं असं नाही.

तर तपासायची आमची रीत अशी: ती छापील कागद मोठ्याने वाचणार, अगदी स्वल्पविरामासकट, आणि मी भावजींच्या हातच्या कागदावर बोट ठेवून बघत जाणार. त्या दुपारी शेवटची गोष्ट आली. दूरच्या ग्रहावरच्या रखवालदाराची. ती कुठेच छापून आली नव्हती, कारण भावजींनी लिहून काढली तोवर मासिकच बंद पडलं होतं. पण सांगितली होती मला फार पूर्वी, आणि मला ती तोंडपाठ होती. म्हणून मी कागद मांडीवर ठेवले, चष्मा काढला आणि डोळे मिटून ऐकत बसले.

रखवालदार एकटा. राखायला काही नाही, चोरायला कोणी नाही. काम एवढंच की रोज एक दिवा लावायचा, म्हणजे वाट चुकलेल्या यानाला तो दिसेल. यान येत नाही. केस पिकतात. तरी दिवा लागतोच. आणि शेवट असा, की रखवालदार दिव्यात तेल घालतो आणि वाट बघत बसतो. हे मला भावजींनी सांगितलेलं, त्यांच्या तोंडून.

सूनबाईंनी वाचलं, "रखवालदाराने दिवा मालवला, पूर्णविराम."

मी डोळे उघडले. "काय केलं?"

"दिवा मालवला."

"कोणी सांगितलं तुला मालवायला?"

"आई, काकांनी तसं लिहिलंय."

"भावजी असं लिहिणार नाहीत. ह्या गोष्टीची नक्कल तू एकटीने केलीस. मला विचारलंसुद्धा नाहीस." आणि मग मी ते मेलेल्या माणसाच्या वाक्याचं बोलले.

ती चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. "कागद तुमच्या मांडीवर आहेत, बघा ना," म्हणाली.

मी बघितलं नाही. मला बघायचं नव्हतं. कारण रागाच्या खाली दुसरंच काही होतं. ही पुस्तकातली शेवटची गोष्ट. लोक पुस्तक मिटताना काय म्हणतील? म्हणतील, बिचाऱ्याला कोणी नव्हतं, शेवटी स्वतःचा दिवासुद्धा विझवून बसला. माझ्या घरात, माझ्या हातचं जेवून माणूस असा अंधारात बसला होता का? तसं असेल तर ते छापून आणण्यापेक्षा पुस्तक न निघालेलं बरं.

एवढ्यात मुलगा कामावरून आला. "काय चाललंय? जिन्यापर्यंत आवाज येतोय."

मी सांगितलं. तो बूट काढता काढता बायकोला म्हणाला, "अगं, एक वाक्य तर आहे. आईला हवं तसं करून टाक. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," ती म्हणाली.

"तू म्हणजे ना, कोर्टाची बेलीफ आहेस."

"असेन. आई, मला काय बोलायचं ते बोला, उद्या माझ्या हातचा चहा घेऊ नका. पण काकांनी लिहिलंय तेच छापलं जाईल. तुमच्यासाठी मी बाकी काहीही बदलेन. हे नाही."

माझ्या घरात माझ्या तोंडावर असं कोणी बोललं नव्हतं. माझे मालकसुद्धा नाहीत. मी चष्मा लावला. तिची चूक काढायची म्हणूनच लावला, खोटं कशाला सांगू. कागद उचलला, बोट ठेवलं.

अक्षर भावजींचंच. शेवटच्या वर्षातलं, ओळी उताराला लागलेल्या. 'दिवा मालवला' त्यांनीच लिहिलं होतं, वर खाडाखोडही नव्हती. पण ओळ तिथे संपत नव्हती. मी सूनबाईंना पुढे वाचूच दिलं नव्हतं. आता मीच वाचत गेले, एकेक शब्द, लहान पोरासारखी मोठ्याने.

"रखवालदाराने दिवा मालवला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, या काळोखात उजेड दाखवणारा आपण एकटेच. आपल्याच दिव्याने त्याचे डोळे दिपले होते. तो मालवला तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसलं, की समोरच्या टेकडीवर आणखी एक दिवा आहे. कोणीतरी तो त्याच्यासाठी रोज लावत होतं. त्याने कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं."

मुलगा एक बूट हातात घेऊन तसाच उभा.

मग तो म्हणाला, "जिन्यातला दिवा, आई. काका दुसऱ्या पाळीहून यायचे तेव्हा तू चालू ठेवायचीस. विजेच्या बिलावरून बाबा किती कटकट करायचे."

"जिना अंधारा आहे," मी म्हणाले. "कोणीही पडला असता."

सूनबाई उठली, पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि परत आपल्या जागी बसली. मी पाणी प्याले. ती ओळ पुन्हा एकदा बोटाने चाचपली. कागद खडबडीत झाला होता. भावजी पेन फार दाबून लिहायचे. घरातल्या घरात आभार मानायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि त्यांनी ते मानले ते असे, शनीच्याही पलीकडे जाऊन. आणि मी ते खोडायला निघाले होते. मुलाने खोडूही दिले असते. माझ्यावरच्या मायेपोटी.

सूनबाईंनी पेन उचललं होतं. "पुढे जाऊ?" तिने विचारलं. "अनुक्रमणिका राहिलीय."

"जाशील. आधी माझं ऐक," मी म्हणाले. "उद्या मी गेले की लोक गोडगोड बोलतील. मनाने मोठी होती म्हणतील, कोणाला कधी टाकून बोलली नाही म्हणतील, आणि हा तुझा नवरा मान डोलावत बसेल. तेव्हा तू उभं राहायचंस आणि एकेक चूक दुरुस्त करायचीस. ते काम मी तुझ्यावर सोपवते. तुझ्याइतकं खरं माणूस या घरात दुसरं नाही. मी धरून."