वरचे वीस

पुण्यात मी ज्या हॉटेलात रिसेप्शनला बसतो, तिथं माणूस पाहुण्याची बॅग खोलीत नेऊन ठेवतो आणि मग निघायचं विसरतो. त्याला निघायचं आठवावं म्हणून जे देतात, त्याला टीप म्हणतात. सलूनमध्येही तेच. कटिंग झाली की कारागीर ब्रशनं मान झाडतो, आणि मान स्वच्छ झाली तरी झाडत राहतो. मला या गोष्टीची इतकी सवय झाली की टीप न देता बाहेर पडलो तर कुणाची तरी छत्री उचलून निघाल्यासारखं वाटतं.

ती सवय घेऊन मी शिरड शहापूरला, म्हणजे आमच्या गावी आलो, आणि गावचा न्हावी जळबाकाका याच्या दुकानात गेलो.

गावी येण्याचं कारण लग्नाचं होतं. साखरा गावच्या ग्यानबांची मुलगी पुनम मी पाहून आलो होतो. पाहण्याच्या कार्यक्रमात तिनं मला एकच प्रश्न विचारला, "राग आल्यावर जेवता का?" मी म्हणालो, जेवतो. ती म्हणाली, "बरं." तेव्हापासून दुसरी मुलगी पाहायची माझी इच्छाच गेली. ग्यानबा म्हणाले होते, "या आठवड्यात कळवतो." नकार फोनवरही ऐकता येतो, पण होकाराला पोरगं घरी पाहिजे, असं आईचं मत. म्हणून मी सुट्टी काढून घरी येऊन बसलो. ग्यानबा जरा ताकही फुंकून पिणारे होते, कारण पुनमचं आधी जमत आलेलं एक स्थळ फसवं निघालं होतं. त्या मुलाचं दुसरीकडं आधीच ठरलेलं होतं.

उकाडा होता, म्हणून मी केस अगदी बारीक करायला सांगितले. कटिंगचे साठ झाले. मी ऐंशी दिले आणि खुर्चीतून उठलो.

"हे वीस कशाचे?" जळबाकाका म्हणाला.

"राहू द्या, काका."

"राहू द्या म्हंजे? कुठं ठेवू?"

"चहा प्या."

"चहा धा रुपयाला हाय."

"मग दोन प्या."

"दोन प्यालो की मला पित्त व्हतं."

बाकावर खताच्या दुकानाचा शंकरसिंग पेपर वाचत बसला होता. त्यानं पेपर खाली घेतला.

जळबाकाकानं मला परत खुर्चीत बसवलं. "हे पाह्य विश्वंभर, न्हाव्याला वरचे पैसे माणूस तीनदाच देतो. लेकराच्या जावळाला, नवरदेवाच्या दाढीला, अन् कोणी मेलं तर दहाव्याला. तुला लेकरू न्हाई. राह्यले दोन. कोणतं ते सांग. मला तसं तोंड करावं लागतं."

"तसं काही नाही, काका. तुमचं काम आवडलं."

जळबाकाकानं आरशात माझ्या डोक्याकडं पाहिलं. शंकरसिंगही उठून पाहून गेला. दोघांनाही तिथं आवडण्यासारखं काही सापडलं नाही.

"सांगायचं नसंल तर नको सांगू," जळबाकाका नोट खिशात घालत म्हणाला. "गावात काय झाकून राहातं व्हय?"

मी घरी पायी निघालो. बातमी शंकरसिंगच्या मोटारसायकलवर निघाली.

मी पोचलो तेव्हा शेजारच्या जनकाबाई ओसरीवर येऊन बसल्या होत्या. पुढ्यात पिठलं-भाकरीचं ताट. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी ताट आणतात. बारीक केस आणि न्हाव्याला वरचे वीस, एवढ्यावर त्यांनी हिशेब जुळवला होता. उरला प्रश्न कोण गेलं याचा. तर समोर बाजेवर आमचे बाबा माश्यांमुळं तोंडावर टॉवेल घेऊन झोपले होते. जनकाबाईंनी गळा काढला.

"कसा देवमाणूस व्हता वो! कोणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई!"

बाबा जागे झाले होते, हे मला त्यांच्या पायाच्या अंगठ्यावरून कळलं. पण त्यांच्याबद्दल घरात असं कुणी बोलत नाही, म्हणून त्यांनी टॉवेल काढला नाही. जनकाबाई त्यांच्या शांत स्वभावाकडून दानधर्माकडं वळल्या, तेवढ्यात आई आतून आली.

"कोणाचं वो हे ताट?"

"आशाबाई, कधी झालं?"

"काय कधी झालं?"

बाबा उठून बसले. जनकाबाई दचकल्या नाहीत, नाराज झाल्या. "मंग हे पिठलं आता कोणाचं?"

बाबांनी ताट पुढं ओढलं.

जनकाबाई जात नाहीत तो पलीकडच्या घरातल्या जिवनबाई साखर घेऊन आल्या. त्यांच्या घरी दुसरी बाजू पोचली होती. "आशाबाई, पोरानं पुण्यातच जमवलं म्हनं! गुपचूप! न्हाव्याचं देणंसुदिक देऊन मोकळा झाला!"

आईनं साखर घेतली, त्यांना वाटी घासून परत दिली, आणि दार लोटून माझ्यापुढं उभी राहिली.

"काहून दिले रे वीस?"

"टीप आहे आई ती. खुशीनं देतात."

"कशाची खुशी?"

"काम चांगलं केलं याची."

"मंग साठ कशाचे दिले?"

मी डोक्यावरून हात फिरवत आत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्यानबांचा फोन आला. शंकरसिंगचा मेव्हणा सेनगावला असतो, आणि साखरा तिथून काही लांब नाही. "तुमचं पुण्यात जमलं म्हनं," ग्यानबा म्हणाले. "चांगलं झालं. आमची तकलीफ वाचली." फोन बंद. मी पुन्हा लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग आईनं फोन काढून घेतला आणि म्हणाली, "जा. ते वीस वापस आण."

मी धावतच दुकानात गेलो. "काका, वीस परत द्या."

"वापस कसे देऊ?" जळबाकाका वस्तऱ्यात नवीन पान घालत म्हणाला. "नवरदेवाचे वापस दिले की लग्न मोडलं म्हनून बोभाटा व्हतो. दहाव्याचे वापस दिले तर..." त्यानं वस्तरा उजेडात धरून पाहिला. "तर काय व्हतं मला म्हाईत न्हाई. आजवर कोणी मागितले न्हाईत."

"माझं साखऱ्याचं मोडून राहिलं, काका!"

"मंग वीस वापस घेऊन आणखी कशाला मोडतो?"

एवढ्यात दारात ग्यानबा उभे. स्थळाची चौकशी करायची तर पाहुणा गावच्या न्हाव्याकडं जातो. सगळ्या गावाची डोकी त्याच्या हाताखालून जातात. फोनवर तोडून टाकलं खरं, पण तो फोन त्यांनी वाटेत एसटीतूनच केला होता; खात्री करायला ते पहिल्या गाडीनं निघाले होते. मला पाहून ते दारातच थबकले.

"बरं झालं," ते म्हणाले. "दोघंबी इथंच सापडले."

"बसा पाव्हणे," जळबाकाका म्हणाला. "दाढी वाढलीय."

"मी दाढीला न्हाई आलो."

"आलात तर बसा. बोलणं काय, फेसातूनबी व्हतं."

ग्यानबा बसले. जळबाकाकानं फेस लावला, एक गाल केला, आणि मान वर करून वस्तरा गळ्याशी आणला. ग्यानबांनी छताकडं पाहत विचारलं, "विश्वंभर, खरं सांगा. वीस कशाचे दिले?"

टीप म्हणजे काय हे मी कालपासून निम्म्या गावाला समजावून पाहिलं होतं. एकालाही पटलं नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "लग्नाचेच दिले."

वस्तरा थांबला.

"कोणाच्या?"

"माझ्या."

"कोणासंग?"

"पुनमसंग."

"आमी तर अजून व्हय म्हनलोच न्हाई!"

"म्हणून तर वीसच दिले."

मग जळबाकाका म्हणाला, "हे बराबर हाय. नवरदेवाकडून मी पाचशेच्या खाली घेत न्हाई. वीस म्हंजे इसार, बाकीचे लग्नात."

ग्यानबा विचार करू लागले. वस्तरा गळ्याजवळच होता.

"अहो, दुसरा गाल करा की."

"कसा करू?" जळबाकाका म्हणाला. "पोराचं काय व्हतं म्हनून हात थरथर कापून राहिला माझा. तुमीच पाहा." त्याचा हात देवळाच्या खांबासारखा स्थिर होता. ग्यानबांनी तो तसाच, मान न हलवता पाहिला, आणि खिशातून फोन काढला. फोनला फेस लागेल म्हणून स्पीकर चालू केला.

"पुनम, हे शिरडवाले म्हनतात, न्हाव्याला वीस रुपये वरचे दिले ते आपल्या लग्नाचे. आपण काही सांगायच्या आधीच."

"न्हाव्यानं मागितले व्हते का?"

"न्हाई."

"कोणी द्या म्हनलं का?"

"न्हाई. आपल्या मनानंच दिले."

पलीकडं एक कोंबडी ओरडली.

"बाबा," पुनम म्हणाली, "असल्या माणसाला पुण्यात एकटं ठेवणं बराबर न्हाई."

"म्हंजे काय समजू मी?"

"म्हंजे व्हय म्हना. बाजारहाट मी करीन म्हनावं."

फोन बंद झाला. ग्यानबांच्या अर्ध्या चेहऱ्यावर फेस सुकून पोपडा धरला होता. त्या अर्ध्या चेहऱ्यानं ते माझ्याकडं वळले. "ऐकलं?"

"ऐकलं."

"कबूल?"

"कबूल."

जळबाकाकानं पुन्हा फेस कालवायला घेतला. मी बाहेर येऊन आईला फोन लावला.

"काय म्हनले?"

"हो म्हणाले."

मागं बाबा शिळं पिठलं गरम करायला सांगत होते.

"बरं," आई म्हणाली. "आता कोणाला काही देऊ नको. सरळ घरी ये."